बंदरांतील आठ तास

मनोरीच्या वाळूवर सायंकाळीं उभें राहिलें असतां कधीं कधीं क्षितिजाशीं एखादें मोठें जहाज संथपणें जातांना दिसतें. तें कोठें जाईल, वाटेंत कोठें थांबेल, आणि थांबेल तेथें उतारूंस काय पाहावयास मिळेल, असे प्रश्न मुलें विचारतात. हल्लीं कांहीं कुटुंबें सुटींत जलपर्यटनास जाऊं लागल्यामुळें पालकही तेंच विचारूं लागले आहेत.

पूर्वीं जहाज बंदरांत थांबे तें उतारूंच्या हौसेकरितां नव्हे, तर कोळसा, पाणी व टपाल यांकरितां. तेवढ्या अवकाशांत काय पाहावयाचें तें पाहून घ्यावें. इ. स. १८८३ च्या एप्रिलांत पंडिता रमाबाई आपल्या चिमुकल्या मनोरमेस घेऊन मुंबईहून विलायतेस निघाल्या, आणि १८८८ च्या सप्टेंबरांत मोहनदास गांधी निघाले, तेव्हां एडन, सुएझचा कालवा व पोर्ट सैद हाच आगबोटींचा ठरलेला मार्ग होता. एडन १८३९ त इंग्रजांनीं घेतलें व १९३२ पर्यंत त्याचा कारभार मुंबई सरकारकडे होता; म्हणजे वाटेवरचें हें पहिलें बंदर एका अर्थीं आपल्याच इलाख्यांत होतें! तेथें पाऊस क्वचित पडतो. म्हणून डोंगराच्या घळींतील प्राचीन हौद पाहण्यास उतारू आवर्जून जात.

सुएझचा कालवा १७ नोव्हेंबर १८६९ रोजीं खुला झाला. दोन्ही समुद्रांच्या पातळींत फारसें अंतर नसल्यामुळें त्यांत पाणी अडविण्याचे दरवाजे नाहींत. वेगानें गेल्यास लाटांनीं कांठ ढासळतात, यास्तव जहाजांस तेथें हळू चालावें लागतें. या मंद गतीचा फायदा घेऊन कित्येक उतारू सुएझला उतरत, कैरो गांठून पिरॅमिड पाहत, आणि पोर्ट सैदला आपलें जहाज पुन्हा पकडीत. पोर्ट सैदला जादूगार बाहींतून कोंबडीचीं पिलें काढून दाखवीत, आणि पलीकडे मजूर टोपल्या वाहून फळ्यांवरून चढत जहाजांत कोळसा ओतीत. उतारूंचें लक्ष पिलांकडे असे. मजुरांकडे कितीकांचें गेलें असेल?

पुढें भूमध्य समुद्रांत माल्टा लागतें. प्रेषितांच्या कृत्यांचे शेवटचे दोन अध्याय ज्यांनीं वाचले आहेत त्यांस हें बेट परिचितच आहे. पौलाचें तारूं फुटलें तें येथें. तारवावर २७६ माणसें होतीं, व सारीं वांचलीं. त्यांस बेटावर तीन महिने काढावे लागले. आजच्या उतारूस आठ तास मिळतात. तेवढ्यांत व्हालेटाच्या तटावरून बंदर पाहावें, आणि संत योहानाच्या मंदिरांत काराव्हाज्जोनें काढलेलें बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाच्या शिरच्छेदाचें चित्र पाहावें. माझ्या मतें एवढें पुरे. दहा ठिकाणें धांवत पाहणारा एकही पाहत नाहीं.

फ्रान्सांतील मार्सेय येथें टेकडीवरील नोत्र-दाम द ला गार्द हें मंदिर समुद्रावरूनच दिसूं लागतें. याच बंदरांत ८ जुलै १९१० रोजीं बंदिवान विनायक दामोदर सावरकर यांनीं ‘मोरिया’ जहाजाच्या झरोक्यांतून उडी टाकिली. पोहून ते किनाऱ्यास लागले, परंतु लागलींच पकडले गेले. फ्रान्सच्या भूमीवरून त्यांस परत नेणें रास्त होतें काय, हा वाद हेग येथील लवादापुढें गेला, व १९११ त निकाल फ्रान्सच्या मागणीविरुद्ध लागला. मराठी माणसानें त्या धक्क्यावर क्षणभर तरी उभें राहावें.

हल्लींचें पर्यटनाचें जहाज म्हणजे तरतें गांवच. बहुधा तें रात्रीं चालतें, सकाळीं बंदरास लागतें व सायंकाळीं निघतें. धक्क्याशीं जागा वा खोली पुरेशी नसल्यास तें बाहेरच नांगर टाकतें, आणि लहान होड्यांनीं लोकांस तीरावर नेतात. मार्वेहून तर ओलांडून घरीं येणाऱ्या आम्हां मनोरीकरांस हें समजावून सांगावयास नको. जहाजानें काढलेल्या सहलीस उशीर झाला तर जहाज सहसा वाट पाहतें; आपल्या मनानें फिरणारा मागें राहिला तर त्यास पुढचें बंदर स्वखर्चानें गांठावें लागतें. घड्याळ जहाजाच्या वेळेप्रमाणें लावावें. किनाऱ्यावरील वेळ निराळी असूं शकते. पालकांनीं आणखी एक पाहावें: जहाज युरोपांतील शेंगेन देशांच्या बाहेर जाऊन परत येणार असेल, तर एकाच प्रवेशाचा परवाना पुरत नाहीं.

हजारों माणसें एकदम उतरलीं म्हणजे गांवाचें काय होतें, हाही प्रश्न आहे. व्हेनिस शहराच्या मध्यांतून जाणाऱ्या जुदेक्का कालव्यांत २५,००० टनांहून मोठ्या जहाजांस १ ऑगस्ट २०२१ पासून बंदी झाली. आम्हांस याचें नवल वाटत नाहीं. रविवारीं आपल्या वाळूवर किती पाहुणे येतात, आणि सायंकाळच्या बोटीनें ते गेल्यावर तेथें काय पडलेलें असतें, हें सोमवारीं शाळेस जातांना आपण पाहतोंच.