समुपदेशिकेचं मानधन कुठून येतं?

नवऱ्याच्या मारहाणीला कंटाळलेली बाई तालुक्याच्या गावी येते आणि पंचायत समितीच्या आवारात ‘महिला समुपदेशन केंद्र’ ही पाटी शोधते. आत कुणी बसलेलं असलं, तर तिला मन मोकळं करायला जागा मिळते. दाराला कुलूप असलं, तर ती दुपारच्या एसटीने परत फिरते. घरी काय सांगून बाहेर पडायचं हे तिला पुन्हा नव्याने शोधावं लागतं, म्हणून ती दुसऱ्यांदा येईलच असं नाही. ते दार उघडं राहणं बरंचसं समुपदेशिकेचं मानधन वेळेवर निघण्यावर अवलंबून असतं. हा पैसा कसा येतो आणि कुठे अडतो, ते आपण क्रमाने पाहू.

सुरुवात जिल्हा परिषदेच्या तिजोरीपासून. तिथे येणारा बहुतेक पैसा शासनाच्या ठरावीक योजनांचा असतो आणि तो दुसरीकडे वळवता येत नाही. त्याखेरीज जिल्हा परिषदेचं स्वतःचं थोडं उत्पन्न असतं: जमीन महसुलावरचा उपकर, मुद्रांक शुल्कातला वाटा, गाळ्यांचं भाडं, ठेवींवरचं व्याज. कचेरीत याला ‘सेस फंड’ म्हणतात. या स्वउत्पन्नातले 10 टक्के महिला व बालकल्याणासाठी राखायचे असतात, आणि समुपदेशन केंद्रांचा खर्च त्यातून करता येतो. ग्रामपंचायतीलाही स्वउत्पन्नाच्या 10 टक्क्यांचं असंच बंधन आहे.

पुढची पायरी अंदाजपत्रकाची. ते मार्चमध्ये मंजूर होतं, पण त्याची जुळवाजुळव हिवाळ्यातच सुरू झालेली असते. म्हणून केंद्राची मागणी लेखी स्वरूपात डिसेंबर-जानेवारीत पोहोचायला हवी. एप्रिलमध्ये निवेदन घेऊन जाणं म्हणजे वरातीमागून घोडं. गावपातळीवर 26 जानेवारीच्या ग्रामसभेत हा विषय मांडता येतो. ग्रामसभेआधी महिलांची स्वतंत्र सभा घेणं कायद्याने बंधनकारक आहे. ती कागदोपत्री उरकली जात नाही ना, एवढं आपण जागेवर बसून पाहू शकतो.

खरी ओढाताण इथून पुढे होते. या 10 टक्क्यांत दोन प्रकारचे खर्च बसतात. एक प्रशिक्षण आणि सक्षमीकरणाचा, ज्यात समुपदेशन केंद्र येतं. दुसरा वस्तूंचा: शिलाई मशीन, पिको-फॉल मशीन, मुलींना सायकली. वस्तूंना माझा विरोध नाही. सायकलीमुळे शाळा सुटायची वाचलेल्या मुली मी पाहिल्या आहेत. पण वस्तूंचं वाटप होतं, मंडप पडतो, फोटो छापून येतो. समुपदेशिकेच्या कामाचा फोटो काढायचाच नसतो. समोर बसलेल्या बाईचं नावही खोलीबाहेर जाऊ द्यायचं नसतं. जे काम गुप्त राखणं हेच त्याचं इमान, त्याच्या बाजूने बैठकीत बोलायला मुद्दाम कुणीतरी लागतं. हे बोलणं आपलं काम आहे, असं मला मनापासून वाटतं.

योजनांची निवड महिला व बालकल्याण समिती करते. ही जिल्हा परिषदेची विषय समिती, तिच्या प्रमुख म्हणजे सभापती. निवडणुका लांबल्या की हीच जागा रिकामी होते. 2022 मध्ये बहुतेक जिल्हा परिषदांची मुदत संपली आणि कारभार प्रशासकाकडे गेला. अशा काळात निवेदन मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांच्या नावे द्यावं.

मंजुरीनंतर केंद्र चालवायला बऱ्याच ठिकाणी स्वयंसेवी संस्था नेमतात. नेमणुकीचा आदेश साधारणतः वर्षापुरता असतो. जुना संपून नवा निघेपर्यंत दोन-तीन महिने गेले, तर तेवढे महिने समुपदेशिका बिनपगारी बसते, किंवा बसतच नाही. हप्ता निघण्याआधी संस्थेला उपयोगिता प्रमाणपत्र द्यावं लागतं. म्हणजे आधी मिळालेला पैसा ठरल्या कामावरच खर्च झाला, याची लेखी कबुली. एखादं व्हाउचर राहिलं तरी फाइल परत येते. संस्थेत हिशेब ठेवणारं माणूस वेगळं असावं. दिवसभर रडणं ऐकणाऱ्या बाईलाच रात्री व्हाउचर चिकटवायला लावू नये.

लोकांची सर्वांत जास्त फसगत होते ती कार्यालयांच्या नावांमुळे. जिल्हा परिषदेचा महिला व बालविकास विभाग वेगळा आणि जिल्हा महिला व बालविकास अधिकारी वेगळे. हे अधिकारी थेट राज्य शासनाचे. कौटुंबिक हिंसाचाराच्या 2005 च्या कायद्याखालचे संरक्षण अधिकारी, म्हणजे पीडितेचा अर्ज कोर्टापर्यंत नेणारे अधिकारी, यांच्याबद्दल तिथे विचारायचं. 2015 पासून सुरू झालेल्या ‘सखी’ वन स्टॉप सेंटरचा पैसाही सेसचा नसतो. तो केंद्र सरकारच्या निर्भया फंडातून येतो. सेसमधल्या समुपदेशन केंद्राची तक्रार या अधिकाऱ्यांकडे नेली, तर ‘आमच्याकडे नाही’ हेच उत्तर मिळेल, आणि ते खरंच असेल.

शहरात वाट वेगळी. मुंबई महापालिका आणि ‘सेहत’ ही संस्था यांनी मिळून वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात ‘दिलासा’ हे केंद्र उभं केलं. मार खाऊन आलेली बाई आधी दवाखान्यात येते, पोलिसांत नंतर जाते किंवा जातच नाही, हे त्यामागचं साधं निरीक्षण. पुढे महापालिकेने ते स्वतःकडे घेतलं आणि नंतर राष्ट्रीय नागरी आरोग्य अभियानातून आणखी रुग्णालयांत नेलं. रुग्णालयाचाच भाग झाल्यामुळे संस्थेचा प्रकल्प संपला तरी दार बंद झालं नाही. तालुक्यांनी यातून शिकण्यासारखं पुष्कळ आहे.

लैंगिक अत्याचाराची तक्रार केंद्रात आली, तर तिथे समेटाची बैठक बसवायची नसते. तिथून आधी दवाखाना. सरकारी असो वा खासगी, कोणत्याही रुग्णालयाने अशा पीडितेवर मोफत उपचार करणं कायद्याने बंधनकारक आहे. ‘मनोधैर्य’ योजनेच्या अर्थसाहाय्यासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जायचं. केंद्राच्या निधीत प्रवासखर्चाचा काहीतरी आकडा हवा तो याचसाठी. रिकाम्या पर्सनिशी आलेल्या बाईला ‘सिव्हिलला जा’ एवढंच सांगून भागत नाही.

आपल्या तालुक्यातलं खरं चित्र कळायला माहिती अधिकाराचा अर्ज करावा. फी 10 रुपये, उत्तराची मुदत 30 दिवस. महाराष्ट्रात अर्ज एकाच विषयाचा आणि 150 शब्दांच्या आत असावा लागतो. म्हणून नेमकं विचारा: गेल्या तीन वर्षांत 10 टक्के निधीची तरतूद किती, खर्च किती, त्यातला समुपदेशन केंद्रांवर किती, आणि मानधनाचा प्रत्येक हप्ता कोणत्या तारखेला दिला. तारखा विचारायला विसरू नका. एकूण आकडा पूर्ण खर्च झालेला दिसतो, पण वर्षभराचं मानधन मार्चच्या शेवटच्या आठवड्यात एकदम निघालेलं असू शकतं.

उत्तर येईपर्यंत एकदा केंद्रात जाऊन या. एका केंद्रात मी गेले, तेव्हा रजिस्टर नीट होतं, समुपदेशिका हजर होती, पण खोलीच्या दाराला आतून कडी नव्हती. शेजारच्या विभागाचा शिपाई दर दहा मिनिटांनी कपाटातली फाइल न्यायला यायचा आणि समोरची बाई दर वेळी पदर सावरून गप्प व्हायची.