पारंपरिक चिनी वैद्यक : मूळ कल्पना समजून घेऊया



यिन-यांगचं काळं-पांढरं वर्तुळ तुम्ही नक्की पाहिलं असेल. टी-शर्टवर असतं, दुकानाच्या पाटीवर असतं. पण त्यामागे सुमारे दोन हजार वर्षांची वैद्यकपरंपरा आहे. 'ह्वांगदी नेइजिंग' हा तिचा मूळ ग्रंथ मानला जातो. आज तिच्यातल्या मुख्य कल्पना पाहू.

सुरुवातीलाच एक गोष्ट लक्षात ठेवा. यकृत, प्लीहा, मूत्रपिंड हे शब्द या वैद्यकातही येतात, पण त्यांचा अर्थ आपल्या विज्ञानाच्या पुस्तकातला नसतो. हा फरक सुटला की कुणाला सगळंच थोतांड वाटतं, तर कुणाला सगळंच सिद्ध झालेलं. दोन्हींत नुकसान आहे.

१) यिन आणि यांग

मूळ अर्थ अगदी साधा आहे. यिन म्हणजे डोंगराची सावलीची बाजू आणि यांग म्हणजे उन्हाची बाजू. डोंगर एकच, पण दुपार कलली की सावली सरकते. म्हणजे यिन आणि यांग या वस्तू नाहीत, ती एकाच गोष्टीची दोन अंगं आहेत. थंडावा, ओलावा, विश्रांती हे यिन. उष्णता, कोरडेपणा, हालचाल हे यांग. दोन्हींचा तोल म्हणजे आरोग्य.

२) ची

'ची' म्हणजे जीवनशक्ती, असं आपण पटकन म्हणतो. पण या शब्दाचं जुनं चिनी अक्षर बघा : त्यात वाफेची खूण आहे आणि तिच्याखाली तांदळाची. जणू शिजणाऱ्या भाताची वाफ! श्वास, अन्नातून मिळणारी ताकद, शरीरातली हालचाल हे सगळं या एका शब्दात येतं. ही ची शरीरातल्या बारा मुख्य मार्गांनी वाहते आणि ती अडली की दुखणं येतं, अशी कल्पना आहे. अ‍ॅक्युपंक्चरच्या सुया याच मार्गांवरच्या बिंदूंवर टोचतात.

३) पाच अवस्था

लाकूड, अग्नी, माती, धातू, पाणी. आपल्याला लगेच पंचमहाभूतं आठवतात ना? पण जग कशाचं बनलंय, हे आपली महाभूतं सांगतात. चिनी 'शिंग' या शब्दाचा अर्थ मात्र 'चालणं' असा आहे. म्हणजे बदल कसा होतो, ते या पाच अवस्था सांगतात. लाकडामुळे अग्नी पेटतो, अग्नीची राख माती होते, मातीतून धातू निघतो, धातूवर दव जमून पाणी होतं, पाण्यावर झाड वाढतं. तसंच एक दुसऱ्याला आवरही घालतो : पाणी अग्नीला विझवतं, माती पाण्याला बांध घालते.

प्रत्येक अवस्थेशी एक अवयव जोडलेला आहे. लाकूड-यकृत, अग्नी-हृदय, माती-प्लीहा, धातू-फुप्फुस, पाणी-मूत्रपिंड. इथेच घोटाळा होतो. चिनी वैद्यकात प्लीहा अन्न पचवते आणि मन हृदयात राहतं. प्रत्यक्ष शरीरात प्लीहेचं काम वेगळंच आहे. म्हणून चिनी वैद्याने 'मूत्रपिंड अशक्त आहे' म्हटलं, तर त्याचा अर्थ रक्ततपासणीत बिघाड दिसेल असा होत नाही. आणि त्याने 'ठीक आहे' म्हटलं, म्हणून खरं मूत्रपिंड ठीक असेलच असंही नाही!

४) निदान कसं करतात?

चार रीतींनी : पाहणं, ऐकणं व वास घेणं, विचारणं आणि स्पर्श करणं. जीभ आणि मनगटाची नाडी यांना फार महत्त्व. समजा, दोघांना खोकला आहे. एकाला थंडी वाजते, कफ पातळ व पांढरा आहे. दुसऱ्याचा घसा कोरडा, कफ पिवळा व चिकट. आजाराचं नाव एकच, पण वैद्य दोघांना वेगळं औषध देईल. रोगाइतकंच रोग्याकडे बघायचं, हा या परंपरेचा मोठा गुण.

५) मग हे खरं की खोटं?

असा एकच प्रश्न विचारू नका. प्रत्येक दावा वेगळा तपासा. ही तीन उदाहरणं बघा.

पहिलं : मलेरियावरच्या औषधाच्या शोधात चिनी शास्त्रज्ञ यूयू टू यांनी जुने ग्रंथ चाळले. चौथ्या शतकातल्या गे होंग यांच्या ग्रंथात 'छिंगहाव' ही वनस्पती पाण्यात भिजवून, पिळून रस प्यायला सांगितलं होतं. (आपल्या दवण्याची ही नातलग.) उकळायला सांगितलेलं नव्हतं! उष्णतेने गुण नष्ट होत असेल, हे टू यांच्या लक्षात आलं. १९७१ मध्ये त्यांनी कमी तापमानाला उकळणारं ईथर वापरून अर्क काढला आणि तो प्राण्यांवर व मग माणसांवर तपासला. त्यातून आर्टेमिसिनिन मिळालं. २०१५ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळालं.

दुसरं : जर्मनीत कंबरदुखीच्या ११६२ रुग्णांवर झालेली चाचणी २००७ मध्ये प्रसिद्ध झाली. नेहमीच्या उपचारांनी शंभरातल्या सुमारे २७ जणांना आराम पडला, अ‍ॅक्युपंक्चरने ४८ जणांना. पण सुया मुद्दाम चुकीच्या जागी, वरवर टोचल्या, तरी ४४ जणांना आराम पडला! म्हणजे फायदा दिसला, पण बिंदू आणि मार्गांची कल्पना त्यातून सिद्ध झाली नाही.

तिसरं : १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला बेल्जियममध्ये वजन कमी करण्याच्या गोळ्यांत एका चिनी वनस्पतीऐवजी दुसरीच, अ‍ॅरिस्टोलोकिया कुळातली, मिसळली गेली. अनेक स्त्रियांची मूत्रपिंडं कायमची निकामी झाली. 'वनस्पती आहे, अपाय कसा होईल?' या समजुतीला हे उत्तर.

आपला संबंध

१९३८ मध्ये चीनला गेलेल्या भारतीय वैद्यकीय पथकात सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस होते, हे तुम्हाला माहीत आहे. त्याच पथकातले डॉ. विजयकुमार बसू पुढे अ‍ॅक्युपंक्चर शिकले आणि त्यांनी ते कोलकात्यात आणलं.

थोडक्यात : यिन-यांग, ची, पाच अवस्था या शरीराकडे बघण्याच्या जुन्या रीती आहेत. त्या समजून घ्याव्यात, पण त्यांना शरीररचनेचा नकाशा मानू नये. ताप आला तर रक्त तपासायचंच. सुरू असलेलं औषध डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करायचं नाही, आणि दुसरं काही घेत असाल तर तेही त्यांना सांगायचं.

विचार करा :
१. पंचमहाभूतं आणि चिनी पाच अवस्था यांत मुख्य फरक कोणता?
२. टू यांच्या यशात जुन्या ग्रंथाचा वाटा किती आणि प्रयोगाचा किती? तुमच्या शब्दांत लिहा.
३. घरातला एखादा घरगुती उपाय घ्या. तो खरंच लागू पडतो का, हे कसं तपासाल?