भूगर्भातील ‘गूढ’ आवाज : नोंद नसणे म्हणजे भास नव्हे

मध्यरात्री जमिनीखालून गडगडाट होतो, मांडणीवरची भांडी क्षणभर किणकिणतात आणि पुन्हा सारे शांत होते. घरातील मंडळी अंगणात येतात, तर शेजारीही बाहेर उभे असतात. प्रत्येकाला वाटते, आवाज आपल्याच घराखालून आला. महाराष्ट्राच्या हिंगोली जिल्ह्यातील पांगरा शिंदे व परिसरातील गावांना अनेक वर्षांपासून हा अनुभव येत आहे. अशा वेळी चर्चा होते ती ‘गूढ आवाजा’ची, भूकंपमापकावर नोंद आढळली नाही, तर विषय बहुधा तेथेच संपतो.

वस्तुतः आवाज आणि भूकंप या दोन वेगळ्या घटना नाहीत. भूगर्भातील खडक भेगेवर सरकला की सर्वांत आधी निघणाऱ्या प्राथमिक लहरी खडकाला दाबत-ताणत सेकंदाला पाच ते सहा किलोमीटर वेगाने धावतात. त्यांचे स्वरूप ध्वनिलहरींसारखेच असते. त्या भूपृष्ठावर पोहोचल्या की जमीन डफाच्या कातड्यासारखी थरथरते आणि वरच्या हवेत ध्वनी उमटतो. माणसाच्या कानाला सेकंदाला सुमारे २० कंपनांपासून पुढचा आवाज ऐकू येतो. दूरच्या किंवा खोल भूकंपातील जलद कंपने वाटेतच विरतात. केंद्र जवळ, उथळ आणि खडक कठीण असेल तर ती टिकतात. त्यामुळे हादरा न जाणवताही गडगडाट ऐकू येऊ शकतो. या खर्जातील ध्वनीची लहर कित्येक मीटर लांबीची असल्याने कानाला दिशेचा अंदाज येत नाही. ‘आपल्याच घराखाली’ वाटते ते यामुळे.

मग नोंद का होत नाही? कायमस्वरूपी भूकंपमापन केंद्रे एकमेकांपासून दूर असतात आणि अतिसौम्य धक्के तेथवर पोहोचेपर्यंत क्षीण होतात. केंद्रबिंदू निश्चित करण्यासाठी किमान तीन ठिकाणच्या नोंदी लागतात. प्राथमिक व त्यामागून येणाऱ्या दुय्यम लहरींत एका सेकंदाचे अंतर असेल, तर उगम सुमारे आठ किलोमीटरवर मानला जातो. त्यामुळे खरा उपाय म्हणजे गावाभोवती तात्पुरती उपकरणे बसवणे. पालघर जिल्ह्यातील डहाणू-तलासरी भागात नोव्हेंबर २०१८ पासून धक्क्यांची मालिका सुरू झाल्यावर हेच करण्यात आले.

अर्थात प्रत्येक आवाजाचे मूळ भूगर्भात नसते. दिवसा तापलेले पत्रे रात्री आकसताना कडकड वाजतात, नळ एकाएकी बंद केल्यास पाइपमधील पाणी धडका देते, खाणीतील सुरुंगही दूरवर ऐकू येतो. तोच आवाज त्याच क्षणी शेजारच्या गावातही ऐकू आला का, ही पहिली कसोटी. तलाठ्याकडे किंवा तहसील कार्यालयात केवळ ‘मोठा आवाज झाला’ असे कळवण्यापेक्षा घड्याळातील नेमकी वेळ, आवाज किती सेकंद टिकला आणि भांडी वा खिडक्या वाजल्या का, हे लिहून दिल्यास तज्ज्ञांना ते उपकरणांच्या आलेखाशी ताडून पाहता येते.

हिंगोलीत २१ मार्च आणि १० जुलै २०२४ रोजी ४.५ तीव्रतेचे भूकंप नोंदले गेले. आवाजांमागून आणखी मोठा धक्का येईलच, असे मात्र म्हणता येत नाही. पालघरमध्ये शेकडो धक्के बसले, लोकांनी थंडीत तंबूत रात्री काढल्या. पण विध्वंसक भूकंप झाला नाही. लातूर जिल्ह्यातील किल्लारीत १९९२ मध्ये धक्के बसले, नंतर ते ओसरले. ३० सप्टेंबर १९९३ रोजी, अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी पहाटे चारच्या सुमारास भूकंप झाला तेव्हा लोक घरांत झोपले होते. बहुतेक बळी दगड-मातीच्या भिंती आणि त्यांवरील जड माळवदाखाली गेले. मराठवाड्यातील जुन्या गावांत अशी माळवदाची घरे आजही उभी आहेत.