कूलंटचा कोणता सेन्सर कोणाचा?

लोटस सेव्हनच्या धर्तीवर घरच्या गॅरेजात जोडलेल्या गाडीत कूलंटचे तापमान पाहणारे दोन-तीन सेन्सर हमखास असतात, पण कोणता कशासाठी हे सांगणारे मॅन्युअल नसते. इंजिन मोंदेओतून काढलेले फोर्डचे झेटेक, इसीयू (इंजिन चालवणारा संगणक) बाजारातून घेतलेला, गेज तिसऱ्याच कंपनीचे. त्यात झेटेक मूळ गाडीत आडवे बसते. किट कारमध्ये ते उभे केले की थर्मोस्टॅटचे हाउसिंग मागच्या पत्र्याला अडते, म्हणून ते बदलले जाते आणि सेन्सरच्या जागाही हलतात. त्यामुळे जागेवरून ओळख पटवणे धोक्याचे; भरवसा मल्टिमीटरवरच ठेवावा.

आधी सेन्सरचा प्लग काढावा. इसीयूच्या वायरमधून पाच व्होल्टचा पुरवठा येत असतो, तो जोडलेला असताना मोजलेले ओहम निरर्थक ठरतात. दोन पिना, गार इंजिनावर हजारांत ओहम आणि बॉडीशी काहीच संबंध नाही, असा सेन्सर बहुधा इसीयूचा. एकच पिन आणि बॉडीपर्यंत काहीशे ओहम, तर तो गेजचा सेंडर. एक पिन आहे पण गार असताना सर्किटच जुळत नाही, तर तो धोक्याच्या दिव्याचा स्विच असू शकतो. फॅनचा स्विच बहुतेकदा रेडिएटरमध्ये असतो. गार असताना त्याचे सर्किट उघडे, साधारण नव्वद अंशांच्या पुढे ते जुळते, मधले काही नाही.

जुना सेन्सर काढून किटलीतल्या पाण्यात थर्मामीटरसोबत धरला की उरलेली शंका फिटते. इसीयूच्या सेन्सरमधला थर्मिस्टर तापेल तसा रोध कमी करतो. बॉशचा नेहमीचा सेन्सर २० अंशांना सुमारे २,५०० ओहम दाखवतो, १०० अंशांना १८६ च्या आसपास. फोर्डचा त्याच तापमानांना अंदाजे ३७,००० आणि २,०७०. हा फरक किरकोळ नाही. इसीयूत बॉशचा तक्ता आणि इंजिनावर फोर्डचा सेन्सर अशी जोडी जमली, तर उकळीला आलेले इंजिन इसीयूला जेमतेम २५ अंशांचे वाटते. मग तो गार इंजिनाच्या हिशेबाने जादा पेट्रोल सोडतो. धूर काळा होतो, स्पार्क प्लग काजळतात, आणि मालक मात्र इंजेक्टरला दोष देत बसतो. सेन्सर बदलण्यापेक्षा इसीयूतला तक्ता बदलणे बरेचदा सोपे. सेन्सरचा प्लग निघाला किंवा तार तुटली, तर इसीयूला जोडलेल्या लॅपटॉपवर उणे ४० सारखा आकडा येतो. तो वायरिंगचा पुरावा समजावा.

एक पिन असलेल्या सेंडरला अर्थिंग मिळते ते आट्यांतूनच. गळती थांबवण्यासाठी त्यावर टेफ्लॉनची टेप भरमसाट गुंडाळली, किंवा तो रबरी होजमधल्या अडॅप्टरमध्ये बसवला, की काटा खाली पडतो. अडॅप्टरला वेगळी अर्थिंगची वायर द्यावी लागते. सेन्सरचे टोक वाहत्या कूलंटमध्ये बुडलेलेच हवे. हाउसिंगच्या माथ्यावर हवा अडकली तर ओळख बरोबर असूनही सेन्सर हवेचेच तापमान सांगतो.