तीन आकड्यांवरचा विश्वास

संगणकाचा कोणताही मोठा प्रोग्राम आज एकहाती लिहिला जात नाही. तारीख दाखवणे, फाइल वाचणे अशा कामांसाठी इतरांनी लिहिलेली पॅकेजेस आपण घेतो. ती पॅकेजेस आणखी कुणावर तरी विसंबलेली असतात. प्रत्येक पॅकेजच्या आवृत्तीला बहुधा तीन आकडे असतात. समजा, २.३.१. शेवटचा आकडा वाढला तर फक्त दुरुस्ती झाली. मधला वाढला तर नवी सोय आली, पण जुने काही मोडले नाही. पहिला वाढला की मात्र सावध व्हायचे. हा संकेत आहे, कायदा नव्हे.

मागणी दोन प्रकारे नोंदवता येते. ‘नेमकी २.३.१च हवी’ किंवा ‘२.३.१पासून पुढची, पण ३च्या अलीकडची कोणतीही चालेल’. वाण्याच्या यादीत आपण कधी ठरावीक छापाचा चहा लिहितो, कधी नुसता ‘चांगला चहा’, तसेच हे. दुसऱ्या प्रकारात दुरुस्त्या आपसूक मिळतात. पण न पारखलेला मालही घरात येतो.

२०१८मध्ये तसेच झाले. ‘इव्हेंट-स्ट्रीम’ या लोकप्रिय पॅकेजचा सांभाळ मूळ लेखकाने एका अनोळखी स्वयंसेवकाकडे सोपवला. त्याने त्याला ‘फ्लॅटमॅप-स्ट्रीम’ हे छोटे पॅकेज जोडले. त्याची ०.१.० ही आवृत्ती निरुपद्रवी होती. नंतर आलेल्या ०.१.१मध्ये मात्र ‘कोपे’ या बिटकॉइन पाकिटाच्या चाव्या चोरण्याची युक्ती दडलेली होती. मागणीच्या मर्यादेत बसत असल्याने ती विनाचौकशी आत शिरली.

मग नेमका आकडाच लिहावा का? डिसेंबर २०२१मध्ये जावाच्या ‘लॉगफोरजे’ या पॅकेजात मोठे भगदाड सापडले. २.१४.१ला चिकटून बसलेल्यांना दुरुस्ती आपोआप मिळाली नाही. एकेक प्रोग्राम शोधून आकडा बदलावा लागला.

म्हणून मी मधला मार्ग सुचवतो. मागणी सैल ठेवावी, पण सोबत ‘लॉक फाइल’ जपावी. प्रत्यक्षात कोणती आवृत्ती घेतली, तिच्या मजकुराचा जणू अंगठ्याचा ठसा कोणता, हे तीत नोंदलेले असते. त्यामुळे दहा संगणकांवर तोच माल उतरतो. मग ठरल्या दिवशी नव्या आवृत्त्या घ्याव्यात, काय बदलले ते पाहावे, चाचण्या चालवाव्यात आणि मगच नोंद बदलावी. गंभीर भगदाडाची बातमी आली, तर मात्र त्या दिवसाची वाट पाहू नये.

आकडा हे लेखकाने दिलेले आश्वासन असते. ते पाळले गेले की नाही, हे तपासणे घेणाऱ्याचे काम आहे.