धान पट्ट्यातील राखणीचा कुत्रा : वजन कसे ओळखावे, आहार कसा ठेवावा

मूल, सावली, सिंदेवाही या तालुक्यांत जंगलाला लागून असलेल्या धानाच्या बांध्यांवर कुत्रा हा राखणीचा मोठा आधार आहे. रानडुकरांचा कळप बांधीत शिरला की पहिली चाहूल त्यालाच लागते. मोह वेचायला किंवा जागलीला जातानाही तो सोबत असतो. दुभत्या गाईची पेंड आपण वजनावर ठरवतो. कुत्र्याचे जेवण मात्र भांड्यात काय उरले यावर ठरते. त्यामुळे या भागात दोन टोकांचे कुत्रे दिसतात. एक, बरगड्या मोजता येतील असा गावठी कुत्रा. दुसरा, राईस मिल, दुकान किंवा घराच्या ओट्यावर बांधलेला, चार पावले चालून धापा टाकणारा कुत्रा. राखणीला दोन्ही निरुपयोगी, आणि दोघांचेही आयुष्य कमी होते.

वजन योग्य आहे का, हे हाताने ओळखा

गावठी कुत्र्यांची ठेवण वेगवेगळी असल्यामुळे सगळ्यांना एकच किलोचा आकडा लावता येत नाही. म्हणून शरीर पाहून आणि चाचपून ठरवावे.

१. बरगड्या : छातीच्या बाजूवर तळहात हलका फिरवावा. आपला हात उताणा न करता पसरून बोटांच्या मागच्या गाठींवरून दुसऱ्या हाताचे बोट फिरवल्यावर जसे लागते, तशा बरगड्या लागल्या तर वजन योग्य. आवळलेल्या मुठीच्या टोकदार गाठींसारख्या लागल्या तर कुत्रा हडकुळा. तळहाताच्या गादीसारखे मऊ लागून बरगडी दाबल्याशिवाय सापडत नसेल तर कुत्रा लठ्ठ.

२. कंबर : वरून पाहिल्यास बरगड्यांच्या मागे कंबर आत गेलेली दिसावी. पाठ पाटासारखी सपाट व रुंद दिसत असेल तर चरबी वाढली आहे.

३. पोट : बाजूने पाहिल्यास पोटाची रेषा छातीकडून मागच्या पायांकडे वर चढत जावी.

कारवानी जातीच्या शिकारी ठेवणीच्या कुत्र्यात शेवटच्या दोन-तीन बरगड्या दिसणे स्वाभाविक आहे. त्याला भरवून गुबगुबीत करू नये. केसाळ कुत्र्यात नुसते पाहून अंदाज चुकतो, तिथे हातानेच तपासावे.

वजन करण्यासाठी धानाची पोती मोजण्याचा इलेक्ट्रॉनिक काटा पुरेसा आहे. कुत्र्याला उचलून काट्यावर उभे राहावे, मग स्वतःचे वजन वजा करावे. दोघांचे मिळून ७२ किलो आणि तुमचे ५७ किलो असेल तर कुत्रा १५ किलोचा. महिन्यातून एकदा वजन घेऊन तारखेसह भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवावे.

नुसत्या भातावर कुत्रा का भरत नाही?

१५ किलोच्या प्रौढ कुत्र्याला पडून राहण्यासाठीच दिवसाला सुमारे ५२० किलोकॅलरी लागतात. हिशेब सोपा आहे : वजनाला ३० ने गुणावे व त्यात ७० मिळवावे. घराभोवती फिरणाऱ्या प्रौढ कुत्र्याची एकूण गरज याच्या दीडपट ते पावणेदोनपट, म्हणजे ८०० किलोकॅलरीच्या आसपास असते.

१०० ग्रॅम शिजलेल्या भातातून सुमारे १३० किलोकॅलरी मिळतात, पण प्रथिने जेमतेम अडीच ग्रॅम. म्हणजे ६०० ग्रॅम भात खाऊन कुत्र्याचे पोट भरते, ऊर्जा मिळते, पण प्रथिने १५ ग्रॅमच्या आसपासच राहतात. गरज त्याच्या दुपटीहून जास्त असते. यामुळेच भात-पेजेवर वाढलेल्या कुत्र्याचे पोट गोल दिसते, पण पाठीचा कणा व मांड्या वाळलेल्या असतात. पोट सुटलेले दिसले म्हणून असा कुत्रा लठ्ठ समजू नये. पिल्लात गोल पोट हे बहुधा जंताचे लक्षण असते.

१५ किलोच्या कुत्र्याचा एका दिवसाचा आहार

● शिजलेला भात : २५० ग्रॅम
● साधे घट्ट वरण, तिखट व फोडणी नसलेले : १ वाटी
● उकडलेली अंडी : २
● शिजवलेले, काटे किंवा हाडे काढलेले मासे अथवा कोंबडीचे मांस : १०० ग्रॅम
● तेल : १ लहान चमचा

यातून ७५० ते ८०० किलोकॅलरी व ४० ग्रॅमहून अधिक प्रथिने मिळतात. मांस नसेल त्या दिवशी एक जास्तीचे अंडे किंवा चांगले शिजवलेले सोयाबीन द्यावे. हा आहार दोन वेळा विभागून द्यावा. घरच्या अन्नात कॅल्शियम कमी पडते. अंड्याची टरफले उकळून, वाळवून केलेली बारीक पूड दिवसाला अर्धा लहान चमचा मिसळावी. वाढत्या पिल्लांना व गाभण कुत्रीला मात्र कॅल्शियम पशुवैद्यकाच्या सल्ल्यानेच द्यावे.

हे प्रमाण सुरुवातीचे आहे. महिन्याने वजन व बरगड्या तपासून आहार दहा टक्के वाढवावा किंवा घटवावा. जागलीच्या दिवसांत कुत्र्याची धावपळ वाढते. तेव्हा सुमारे चौथाई आहार वाढवावा आणि जागल संपली की तो पूर्ववत करावा. बहुतेक ठिकाणी वाढवलेले कमी करायचे राहून जाते.

कांदा, लसूण, द्राक्षे, मनुका, चॉकलेट, आंबलेला मोह व शिजवलेली हाडे देऊ नयेत. बकरा कापल्यावर कच्चे फुप्फुस किंवा काळीज कुत्र्यापुढे टाकू नये. त्यातून फीतकृमींची साखळी चालू राहते व माणसाच्या काळजात, फुप्फुसात पाण्याच्या गाठी होऊ शकतात.

खाऊनही वाळत असेल तर

आधी जंत व गोचीड तपासावेत. प्रौढ कुत्र्याला दर तीन महिन्यांनी वजनानुसार जंतनाशक द्यावे. पिल्लांना दुसऱ्या आठवड्यापासून दर पंधरा दिवसांनी, तीन महिने वयापर्यंत द्यावे. गोचीड रक्त पितात आणि रक्तातील आजारही पसरवतात. हिरड्या पांढऱ्या पडणे, ताप, नाकातून रक्त येणे अशी लक्षणे दिसल्यास थांबू नये. भरपूर खाऊन-पिऊनही वजन घटत असेल व लघवी वाढली असेल तर मधुमेह किंवा मूत्रपिंडाचा आजार असू शकतो. अतिशय खंगलेल्या कुत्र्याला एकदम पोटभर घालू नये. थोडे थोडे, दिवसातून तीन-चार वेळा द्यावे.

लठ्ठ कुत्र्याचे वजन कसे उतरवावे?

लठ्ठपणा बहुतेक वेळा जेवणातून नाही, वरच्या खाण्यातून येतो. एका लहान ग्लुकोज बिस्किटात सुमारे २० किलोकॅलरी असतात. घरातले पाच जण दोन-दोन बिस्किटे देत असतील, तर १५ किलोच्या कुत्र्याची दिवसाची चौथाई गरज तिथेच संपते. नसबंदीनंतर ऊर्जेची गरज २० ते ३० टक्क्यांनी घटते, पण भांडे तेच राहते. नसबंदी टाळणे हा त्यावर उपाय नाही, आहार घटवणे हा आहे.

आपल्याकडे उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो. कुत्रा मुख्यतः धापा टाकूनच अंग थंड करतो. चरबीचा थर ही उष्णता अडवून धरतो, म्हणून लठ्ठ कुत्र्याला उष्माघात लवकर होतो. सांध्यांवरही भार येतो. अमेरिकेत ४८ लॅब्रॅडोर कुत्र्यांवर आयुष्यभर चाललेला अभ्यास २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. जोडीतील एकाला दुसऱ्यापेक्षा २५ टक्के कमी आहार दिला होता. सडपातळ गटाचे मध्यम आयुर्मान १३ वर्षे, तर दुसऱ्या गटाचे ११.२ वर्षे भरले. सांधेदुखीही सडपातळ गटात उशिरा आली.

वजन उतरवताना घाई करू नये. आठवड्याला शरीरवजनाच्या १ ते २ टक्के घट पुरेशी आहे. २४ किलोचा कुत्रा १८ किलोवर आणायचा असेल तर तीन ते सहा महिने लागतील. आहार १८ किलोच्या हिशेबाने ठरवावा : १८ गुणिले ३० अधिक ७०, म्हणजे ६१० किलोकॅलरी. यासाठी—

● भात टप्प्याटप्प्याने कमी करून त्या जागी उकडलेली दुधी, दोडका किंवा लाल भोपळा घालावा. अंडी-मासे कमी करू नयेत, नाहीतर चरबीऐवजी मांस झडते.
● खाऊ घालण्याचे काम घरातील एकाच व्यक्तीकडे द्यावे. बिस्किटे, तूप, दुधावरची साय बंद करावी.
● सकाळी ऊन चढण्यापूर्वी व सायंकाळी उजेड असताना, दोरीने बांधून चालवावे. सुरुवात १० मिनिटांपासून करावी.
● दर पंधरा दिवसांनी वजन घ्यावे. आहार कमी करूनही दोन महिन्यांत फरक नसेल तर थायरॉईडची तपासणी करून घ्यावी.

कुत्र्याचे भांडे आणि बिबट्या

जंगलालगत हा विषय आपल्या घराच्या सुरक्षेशीही जोडलेला आहे. अकोले (तेव्हाचा अहमदनगर जिल्हा) परिसरात बिबट्याच्या विष्ठेचा अभ्यास झाला. त्यात बिबट्याच्या एकूण खाद्याच्या वजनात पाळीव व भटक्या कुत्र्यांचा वाटा ३९ टक्के निघाला. उरलेले अन्न अंगणात टाकले की गावभरचे कुत्रे जमतात आणि कुत्र्यांमागे बिबट्या येतो. म्हणून मोजून द्यावे, १५-२० मिनिटांत भांडे उचलून धुवावे. रात्री कुत्रा शेतातल्या झोपडीजवळ साखळीने बांधून ठेवू नये. बांधलेला कुत्रा राखण करत नाही, तो बिबट्याचे सावज होतो. त्याला दार लागणाऱ्या जागेत ठेवावे.

उपाशी कुत्रा जंगलात फिरतो, ससे व चितळाच्या पाडसांमागे लागतो. कुत्रा सोडून वन्यप्राण्यांची शिकार करणे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार गुन्हा आहे. शिवाय रेबीज व डिस्टेंपर हे रोग कुत्र्यांकडून वन्यप्राण्यांत जाऊ शकतात. २०१८ मध्ये गीरच्या जंगलात सिंहांच्या मृत्यूंमागे डिस्टेंपरचा विषाणू आढळला होता. ताडोब्याच्या भोवती राहणाऱ्या आपण ही गोष्ट हलकी घेऊ नये. रेबीजची लस तीन महिने वयानंतर व पुढे दरवर्षी, तसेच डिस्टेंपरची लस पशुवैद्यकाच्या वेळापत्रकानुसार टोचून घ्यावी.

विस्तार कार्यकर्त्यांनी गावातील जनावरांच्या लसीकरण शिबिरातच कुत्र्यांचे वजन व बरगड्यांची तपासणी दाखवावी. काटा तिथे असतोच, आणि जंतनाशकाची मात्रा ठरवायलाही तेच वजन लागते. औषधाची मात्रा अंदाजाने देऊ नये, जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारूनच द्यावी.