उचलीचा हिशेब परिषदेत मांडायचा तर...

धुळे-सोलापूर महामार्गावरील मांजरसुंबा (जि. बीड) परिसरातून दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोड कामगार साखरपट्ट्याकडे निघतात. त्याआधीच 'कोयत्या'ने, म्हणजे पती-पत्नीच्या जोडीने, मुकादमाकडून उचल घेतलेली असते. आज हाती पडणारी रक्कम आणि पुढील काही महिन्यांचे श्रम यांचा मेळ माणूस कसा घालतो, हा निर्णयशास्त्राचाच विषय होय.

या शास्त्राची युरोपीय परिषद १९६९ मध्ये हॅम्बुर्ग येथे सुरू झाली. अशा परिषदांना प्रथम संपूर्ण निबंध नव्हे, तर गोषवारा पाठवायचा असतो. त्यात केवळ हालअपेष्टांचे वर्णन पुरत नाही. नेमका प्रश्न, पाहणीची पद्धत, संख्या आणि निष्कर्ष द्यावे लागतात. इथेच अनेकांची गाडी अडते.

तामिळनाडूतील ४६४ ऊस उत्पादकांवरील अभ्यास २०१३ मध्ये 'सायन्स'मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच शेतकऱ्यांची चाचणी कापणीपूर्वीच्या तंगीत आणि पैसे हाती आल्यावर घेण्यात आली. तंगीत त्यांची आकलनशक्ती कमी भरली. या निष्कर्षावर आक्षेपही घेतले गेले. मात्र तुलनेची ही रीत बीडमध्येही वापरता येईल : उचलीआधी एकदा, उचलीनंतर एकदा. प्रश्नावली मात्र मुकादमासमोर भरून घेतलेली नसावी.